७२ ब्रेक, ५४ खुर्च्या आणि एक वर्ग

आमच्या विभागातल्या त्या खोलीत मी चौदा वर्षं शिकवलं. १४ मीटर लांब, १० मीटर रुंद, जमिनीला बोल्टने जखडलेले बाक, ९६ जागा. संख्याशास्त्राच्या तासाला मी म्हणायचे, "तिघाचौघांत बोलून ठरवा", आणि मागच्या बाकावरच्याशी बोलायला मुलं अशी मान पिळून बसायची की दोन मिनिटांत चर्चा आटोपती घ्यावी लागे. बाकांची दुरुस्ती निघाली तेव्हा मी एका बैठकीत बोलून गेले, "दुरुस्ती कशाला, काढूनच टाका की." बैठकीत असं बोललं की काम बोलणाऱ्याच्या गळ्यात पडतं. पडलं.

ही ३ ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. बाक काढून हलवता येणाऱ्या टेबल-खुर्च्यांची खोली सुरू झाली २२ जुलै २०२४ ला. मी ना वास्तुरचनाकार, ना अभियंता. मधल्या साडेअकरा महिन्यांत जे ठेचा खात कळलं ते लिहून ठेवते आहे, कारण असं काम अंगावर आलं की विचारायचं कोणाला हेच आधी कळत नाही.

पहिले पाच आठवडे कागदांत गेले. गरज, आराखडा आणि अंदाजपत्रक असे तीन कागद हवे होते. गरजेचा कागद सोपा वाटला. २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती, तर मुलांना तासाला काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं. समितीने वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "ते ठीक आहे मॅडम, पण जागा किती कमी होणार?"

हाच खरा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशोब असा आहे : रांगांच्या वर्गात माणशी साधारण दीड चौरस मीटर पुरतात. मुलांनी गटात बसायचं, खुर्ची मागे ओढायची, उठून फळ्यापर्यंत जायचं, शिक्षकाने प्रत्येक टेबलापाशी पोचायचं, तर अडीचच्या आसपास लागतात. आमच्या १४० चौरस मीटरमध्ये म्हणजे छप्पन्न. ९६ वरून ५६. वेळापत्रक विभागाने फाइल सही न करता परत पाठवली.

तिथे मला वाचवलं हजेरीने. प्रवेशसंख्या सोडून मी मागच्या सत्राच्या प्रत्यक्ष हजेऱ्या मागवल्या. त्या खोलीत आठवड्याला ३१ तास व्हायचे. त्यातल्या फक्त चार तासांना पन्नासच्या वर मुलं बसत होती. ते चार तास दुसरीकडे हलवायची तजवीज आधी करून, तसं वेळापत्रकच मांडून मी गेले. सही त्याच दिवशी मिळाली. तुम्हाला असा कागद करायचा असेल तर संशोधनाचे आकडे परिशिष्टात टाका आणि हजेरी पहिल्या पानावर.

आराखड्यासाठी आधी इतरांनी काय केलंय ते पाहिलं. या विषयात सगळीकडे पहिलं नाव येतं ते नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या 'स्केल-अप' या वर्गरचनेचं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बाइक्नर यांनी १९९० च्या दशकात ते सुरू केलं. सात फूट व्यासाचं गोल टेबल, त्याभोवती नऊ मुलं, तिघांचे तीन गट. एमआयटीनेही पुढे भौतिकशास्त्रासाठी तशीच गोल टेबलांची खोली केली. मी त्या सात फुटांच्या प्रेमातच पडले होते. मग लक्षात आलं की ते टेबल एकदा बसवलं की बसलं, हलायचं नाव नाही. सक्रिय अध्ययनाची, म्हणजे मुलांना तासाला काहीतरी करायला लावणारी खोली आणि लवचिक, म्हणजे मांडणी बदलता येणारी खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्या बैठकांत इतके दिवस आम्ही ते दोन शब्द एकाच अर्थाने वापरत होतो. ज्यांना ती खोली एकाच विषयासाठी वापरायची आहे त्यांनी खुशाल गोल टेबलं घ्यावीत. आमच्याकडे त्याच खोलीत सकाळी वादसभा, दुपारी संख्याशास्त्र आणि सत्राच्या शेवटी परीक्षा. म्हणून आम्ही समलंब आकाराची टेबलं ठरवली. लांब बाजू दीड मीटर, उरलेल्या तिन्ही पाऊण मीटरच्या. दोन टेबलांच्या लांब बाजू एकमेकींना भिडवल्या की षटकोन होतो आणि सहा जण बसतात. अठरा टेबलं, नऊ षटकोन, ५४ मुलं.

ऑक्टोबरमधला एक शनिवार मला या सगळ्या कामातला सगळ्यात उपयोगी दिवस वाटतो. एक रिकामं सभागृह मिळालं. तिथे आम्ही जमिनीवर कागदी चिकटपट्टीने खोली आखली, खऱ्या मापाची. भिंती, दारं, खांब, नऊ षटकोन. कागदावर दोन गटांच्या मध्ये ९० सेंटिमीटरची वाट होती आणि ती मला ऐसपैस वाटत होती. मग तिथे उसनी टेबलं मांडून मुलं बसवली. मुलं टेबलाला चिकटून बसत नाहीत, रेलून बसतात. खुर्च्या मागे सरकल्या आणि वाट उरली जेमतेम दोन विती. आमच्या एका विद्यार्थिनीला मी मुद्दाम बोलावलं होतं, ती चाकाची खुर्ची वापरते. ती दारातून आत आली, पहिल्या गटापर्यंत पोचली आणि थांबली. पुढे जाता येईना, वळताही येईना. काही न बोलता ती तशीच उलटी मागे गेली. आराखडा काढणारे अभियंते लगेच वाकून पट्टी उचकटायला लागले.

त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या. मधली एक वाट खुर्च्या ओढलेल्या धरूनही दीड मीटर मोकळी ठेवली, म्हणजे चाकाची खुर्ची पूर्ण वळते. आणि फळ्यांची खालची कड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आणली, बसल्या बसल्या लिहिता यावं म्हणून. चिकटपट्टीची चार रिळं आणि एक शनिवार, खर्च एवढाच.

आवाजाचा मुद्दा मात्र मी हट्टाने लढवला. नऊ गट एकाच वेळी बोलणार. एक गट आवाज चढवतो, म्हणून शेजारचा चढवतो, म्हणून पहिला आणखी चढवतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात आणि कोणत्याही लग्नाच्या हॉलमध्ये तो फुकट ऐकायला मिळतो. उघड्या भिंती आणि काँक्रीटचं छत असलेल्या आमच्या खोलीत टाळी वाजवली की ती दीडेक सेकंद रेंगाळायची. शाळांच्या वर्गांसाठीच्या अमेरिकी मानकात (एएनएसआय एस१२.६०) आमच्या आकारमानाच्या खोलीत आवाज घुमण्याला ०.७ सेकंदांची मर्यादा आहे.

हा हिशोब कोणालाही घरी करता येतो. खोलीचं घनफळ, आमचं ४४८ घनमीटर, गुणिले ०.१६१, आणि त्याला खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचं. ०.७ सेकंद हवे असतील तर १०३ एकक शोषण लागतं. छत १४० चौरस मीटर. त्याला ०.५ शोषणांकाच्या, म्हणजे पडलेला निम्मा आवाज शोषणाऱ्या साध्या पाट्या लावल्या तर ७० एकक मिळतात, ०.९ च्या लावल्या तर १२६. म्हणजे चांगल्या पाट्या लावल्या तर एकटं छत काम भागवतं. या सूत्राचा जन्मही एका न ऐकू येणाऱ्या वर्गातच झाला. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका कलासंग्रहालयातलं व्याख्यानगृह बोललेलं काही कळेना म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे सोपवलं गेलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या वाहून आणायचा, पसरायचा, ऑर्गनची नळी वाजवून घुमणं किती वेळ टिकतं ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत ठेवायचा. समितीत मी हा किस्सा सांगितला. सूत्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही, गाद्या राहिल्या, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत छताच्या बाबीला 'गाद्यांचा खर्च' असं नाव पडलं. पण तो खर्च कापला गेला नाही. त्याच्या बदल्यात मी बोटाने लिहायचा मोठा पडदा सोडून दिला. अजून एकदाही त्याची आठवण झालेली नाही.

विजेचं थोडक्यात सांगते. प्रत्येक टेबलाखाली जमिनीत प्लग हवा, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यासाठी स्लॅब फोडावा लागतो, इमारत विभागाची वेगळी परवानगी लागते आणि टेबल त्या प्लगला जन्माचं बांधलं जातं. एक आठवडा मी तासाच्या शेवटी चार्जर लावलेले लॅपटॉप मोजले. एका हाताची बोटं पुरली. मग भिंतीच्या कडेने भरपूर प्लग आणि मधल्या खांबांवर थोडे, इथेच थांबलो. दिव्यांचे मात्र चार वेगळे भाग करून घ्या, नाहीतर पडदा दिसावा म्हणून अख्खी खोली अंधारात बसते.

पडदे दोन लावले, समोरासमोरच्या भिंतींवर. षटकोनात कोणाची ना कोणाची पाठ पडद्याकडे असतेच. आमच्या एका ज्येष्ठ सरांचा आक्षेप नेमका हाच होता : "पाठ करून बसलेल्या मुलांना मी शिकवणार नाही." त्यांना दुसरा पडदा दाखवला तर म्हणाले, "मग मी उभा कुठे राहू?" प्रश्न रास्त होता. त्या खोलीला समोर नावाची बाजूच उरली नव्हती.

डिसेंबर ते मार्च हा निव्वळ थांबण्याचा काळ. अग्निसुरक्षेच्या तपासणीत सांगण्यात आलं की ५० च्या वर माणसं बसणार तर दोन दारं हवीत, आणि दोन्ही बाहेर उघडणारी. दुसरं दार होतंच, पण त्याच्यापुढे कधीपासून कपाट उभं होतं आणि कपाटात कोणाचे तरी जुने प्रबंध. ते प्रबंध कोणाचे हे शोधण्यात तीन आठवडे गेले. परीक्षा विभागाने विचारलं, परीक्षेला किती मुलं बसतील? एका टेबलाच्या लांब बाजूच्या दोन टोकांना दोन, म्हणजे ३६. पूर्वी एकाआड एक ४८ बसायची. त्यांची नाराजी अजून आहे आणि ती खोटी नाही.

निविदेत कंपनीचं नाव लिहिता येत नाही, गुणधर्म लिहायचे असतात. इथे माझ्या हातून दोन चुका झाल्या. खुर्च्यांच्या वर्णनात मी लिहिलं, 'पाच चाकांची फिरती खुर्ची, सोबत वही ठेवण्याची जागा'. चाकं कसली, हे लिहिलंच नाही. आणि चिकटपट्टीच्या प्रयोगात उसनी टेबलं घरंगळत होती म्हणून टेबलांच्या वर्णनात ठासून लिहिलं, 'चारही चाकांना ब्रेक'.

पैशांचं गणित प्रमाणात सांगते, ते कुठेही लागू पडेल. एकूण खर्चाच्या शंभरातले ३५ भाग फर्निचरला, २० वीज आणि इंटरनेटच्या तारांना, १५ छताला, १५ पडदे आणि ध्वनियंत्रणेला, ७ फळ्यांना, उरलेले दारं, रंग, फरशी यांना. मूळ अंदाजपत्रकात मी फर्निचरला ६० धरले होते. सगळे तसंच करतात, कारण फर्निचर डोळ्यांना दिसतं. पुरवठादाराच्या बिलातले दहा टक्के तीन महिने राखून ठेवण्याची अट घाला. आम्ही घातली होती, आणि फळ्यांचे कोपरे उचकटले तेव्हा माणूस दुसऱ्या दिवशी हजर झाला.

जूनमध्ये माल आला. खुर्च्या उतरवल्या, एकीवर बसून मी जरा मागे रेटलं आणि कर्रर्र असा आवाज करत खुर्ची थेट भिंतीपर्यंत गेली. नायलॉनची कडक चाकं होती. ती गालिच्यासाठी असतात. गुळगुळीत फरशीला मऊ, रबरासारख्या धावेची चाकं लागतात, नाहीतर खुर्ची पळते, आवाज करते आणि फरशीवर ओरखडे काढते. छतावर एवढा खर्च करून आम्ही जमिनीवर २७० खुळखुळे आणून ठेवले होते. पुरवठादाराने निविदेचं पान काढून दाखवलं. चूक माझी होती. सुदैवाने अशा बहुतेक खुर्च्यांच्या चाकांचा दांडा ११ मिलिमीटरचा असतो आणि चाक हाताने ओढून निघतं. आमच्या दांड्याचं माप घेतलं, मऊ चाकं मागवली. दोन दिवस मी, प्रयोगशाळेतले दोघं सहायक आणि काही मुलं जमिनीवर मांडी घालून चाकं बदलत होतो.

२२ जुलै, सोमवार. पहिला तास माझा. दहा मिनिटं आधी पोचले तर अठराच्या अठरा टेबलं रांगेत, तोंडं एका भिंतीकडे, नीट ओळीत. मुलंही येऊन मुकाट रांगेत बसली होती. मी मोडून गट करायला लावले. मंगळवारी पुन्हा रांगा. बुधवारी पुन्हा. मला वाटलं ज्येष्ठ सरांचं काम असणार, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी दोन-तीन भांडणंही केली.

गुरुवारी सकाळी सातला गेले. झाडणाऱ्या मावशी टेबलाखाली ओणव्या झाल्या होत्या. एका हाताने गुडघा धरलेला, दुसऱ्या हाताने ब्रेकची पट्टी वर करत होत्या. मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"झाडायला टेबलं सरकवायला नकोत का मॅडम? एकेकाला चार. अठरा टेबलं. ७२ वेळा वाकायचं, परत लावायला ७२ वेळा. रांगेत ठेवली की निदान वाट सरळ राहते."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

साडेअकरा महिन्यांत मी शिक्षक, विद्यार्थी, अभियंते, परीक्षा विभाग, अग्निसुरक्षा, सगळ्यांशी बसले होते. ती टेबलं रोज नेमाने हलवणारं एकच माणूस त्या इमारतीत होतं.

उपायही त्यांनीच सांगितला. "दोन पायांना चाकं राहू द्या, दोन काढा. हातगाडीसारखं एका बाजूने उचलून ढकलता येतं, आणि ठेवलं की हलत नाही." मग प्रत्येक टेबलाची एका टोकाची दोन चाकं काढून स्थिर पाय बसवले. उंची चाकाएवढी जुळायला हवी, म्हणून पेच फिरवून कमीजास्त होणारे पाय घेतले. उरलेल्या चाकांचे ब्रेक कायमचे उघडे. गटांच्या मांडणीत टेबलाचा पाय जिथे येतो तिथे फरशीवर रुपयाएवढा निळा ठिपका रंगवला. पूर्वी रांगांचे गट करायला आम्हाला अकरा मिनिटं लागली होती, आता दोघांना चार मिनिटं पुरतात. दोन तासांच्या मध्ये दहाच मिनिटं असतात, त्यामुळे या आकड्यावर सगळं अवलंबून आहे. दाराशी तीन मांडण्यांची चित्रं लावली आहेत. जाताना टेबलं निळ्या ठिपक्यांवर ठेवायची, एवढाच नियम.

मुलं खूश झाली का? पहिल्या सत्रात फारशी नाही. 'मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात' असं अभिप्रायात तिघांनी लिहिलं. मला वाईट वाटलं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला २०१९ चा एक अभ्यास तेव्हा आधाराला आला. स्वतः सोडवून शिकलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, चाचणीत मात्र त्यांना जास्त येत होतं. आता पहिल्याच तासाला मी हे मुलांना सांगते. ज्येष्ठ सर एका कोपऱ्यातल्या टेबलाला टेकून शिकवतात आणि पाठ करून बसलेल्या मुलांबद्दल काही बोलत नाहीत. मध्ये एकदा त्यांनी खोलीसाठी आगाऊ नोंदणी केलेली वहीत दिसली. मी विषय काढला नाही.

एक शेवटची सूचना : खुर्च्यांवर पहिल्याच दिवशी क्रमांक रंगवा. चाकं असलेली, पाठीला आराम देणारी खुर्ची इमारतभर आपोआप चालत जाते. आमच्या ५४ पैकी आज ५१ आहेत. एक ग्रंथालयात सापडली, म्हणजे दिसली, परत मिळालेली नाही. दुसरी लेखा विभागात आहे, ज्यांनी राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांचं बिल शेवटी मंजूर केलं ते तिच्यावर बसतात, त्यामुळे मी अजून गप्प आहे. तिसरीचा शोध चालू आहे.